यंत्राचा वाटा

दुकानदाराने काचेच्या टेबलावर तीन यंत्रं ओळीने मांडली आणि विचारलं, नेमकं काय मारायचं आहे, मासा की डुक्कर?

"दोनय," आमचे हे म्हणाले.

दुकानदाराने हातातलं पेन खाली ठेवलं. पणजीला मांडवीच्या काठावर बोटींचं सामान विकता विकता त्याचे केस पिकले होते, पण एकाच यंत्रावर दर्या आणि डोंगर दोन्ही उरकू पाहणारं गिऱ्हाईक बहुधा तो पहिल्यांदाच बघत होता. त्याने एकदा ह्यांच्याकडे पाहिलं, एकदा ह्यांच्या शेजारी उभ्या भिकाजी परबांकडे, आणि मग माझ्याकडे. मी नुसती मान हलवली. म्हटलं, बाबा रे, तुला हे आज भेटले, मला रोज भेटतात.

ही दोन हजार चार सालची गोष्ट. आमच्या कावळेबंदरात तेव्हा मोबाइलची रेंज फक्त वेताळाच्या टेकडीवर यायची, तीही लहर लागली तर. यंत्र म्हणजे हातात मावणारं जीपीएस. आकाशातल्या उपग्रहांना विचारून ते तुम्ही कुठे आहात हे सांगतं, आणि एखादी जागा बटण दाबून त्यात साठवली की पुन्हा तिथे जायचा बाण दाखवतं. काम एवढंच. पण एवढ्याशा कामाच्या वस्तूसाठी तीन माणसांनी पहाटेची एसटी का पकडली, ते सांगायला हवं.

आमचे हे म्हणजे लीलाधर तांडेल. ह्यांचे वडील म्हणे पाण्याचा रंग बघून समोरचं गाव ओळखायचे. हे त्यांचे चिरंजीव. त्या वर्षीच्या माघात सकाळच्या धुक्यात होडी घेऊन गेले आणि दीड दिवस आलेच नाहीत. सापडले कुठे, तर गोव्याच्या हद्दीत, केरीच्या किनाऱ्यावर. तिथल्या लोकांनी ह्यांना पेज पाजली, होडी बांधून ठेवली, आणि आमचे दर्यावर्दी नांगराचा दोर खांद्यावर टाकून एसटीने घरी आले. कंडक्टरने दोराचंही तिकीट मागितलं, ह्याचा राग त्यांना आठवडाभर पुरला. हरवल्याबद्दल मात्र चकार शब्द नाही.

त्या दीड दिवसात माझं काय झालं ते सांगते. माझे वडील मी अकरा वर्षांची असताना असेच धुक्यात गेले होते. ते आले नाहीत. आई पुढे बारा वर्षं रोज कुंकू लावत राहिली, आणि बारा वर्षं झाल्यावर चार बायकांनी तिला अंगणात बसवून ते पुसलं. मी ते दारात उभं राहून पाहिलंय. म्हणून हे घरी येऊन, जेवून, ढेकर देऊन बसले, तेव्हा मी सांगून टाकलं, की पुन्हा होडी पाण्यात घालायची तर वाट दाखवणारं यंत्र आणा, नाहीतर होडीच्या बुडाला मी माझ्या हाताने भोक पाडीन. मला त्या यंत्राकडून एकच गोष्ट हवी होती. हा माणूस संध्याकाळी घरी यायला हवा.

आता तांडेलांचा मुलगा दर्यात वाट चुकतो हे गावाला कसं सांगायचं? म्हणून ह्यांनी गावभर सांगितलं, की यंत्र भिकाजीसाठी घेतोय. भिकाजी परब हे ह्यांचे शाळेपासूनचे दोस्त. वरच्या वाडीत त्यांची भातशेती, शेती राखायला परवान्याची बंदूक, आणि डुकरं फारच माजली की ती मारायला वनखात्याचा कागद. हे भिकाजीभावोजीही आदल्या पावसात एका जखमी डुकरामागे सकाळी रानात शिरले ते दुपार कलल्यावर पलीकडच्या तालुक्यात उतरले. तिथल्या लोकांनी चोर समजून त्यांना बंदुकीसकट देवळात बसवून ठेवलं होतं. त्यांनी वरच्या वाडीत सांगितलं, की यंत्र लीलाधरासाठी घेतोय. असे दोन परोपकारी पुरुष एकमेकांवर उपकार करायला निघाले, आणि ह्यांना एकटं सोडलं तर काय घेऊन येतील ह्याचा नेम नाही म्हणून मीही निघाले. मागे एकदा इंजिनाचा पट्टा आणायला गेले होते, तर दोन झुंजीचे कोंबडे घेऊन आले.

तर तीन यंत्रं. एक पिवळं, पाण्यात पडलं तर तरंगणारं, मोठ्या आकड्यांचं. दुसरं काळं, छोटं, समुद्रसपाटीपासूनची उंचीही सांगणारं. तिसरं रंगीत पडद्याचं, पण ते बॅटऱ्या अशा खायचं की घरात जावई बसवल्यासारखं वाटावं. ते आपोआप बाद झालं. उरली दोन, आणि भांडणाला तेवढी पुरेशी होती.

ह्यांनी बादलीभर पाणी मागितलं. यंत्र बुडवून बघितल्याशिवाय घेणार नाही म्हणाले. दुकानदाराने बिचाऱ्याने पाणी आणलं. पिवळं तरंगलं, हे खूश झाले.

"रानात तरंगान काय करतलंय मी?" भिकाजीभावोजी म्हणाले. त्यांचा जीव काळ्यावर. उंची कळते म्हणून.

"आणि माका दर्याची उंची मोजूक सांगतस?" हे म्हणाले.

दर्याची उंची शून्य असते हे दुकानदाराने सांगून पाहिलं, पण पालथ्या घड्यावर पाणी. मग भिकाजीभावोजींना शंका आली, की बटण दाबल्यावर जो टिक आवाज येतो तो डुकराला ऐकू जाईल का. आवाज बंद करता येतो म्हटल्यावर पिवळ्या रंगाची शंका आली. मग झाडाखाली उपग्रह सापडतात का ते बघायला दोघे दोन्ही यंत्रं घेऊन रस्त्यापलीकडच्या वडाखाली गेले आणि पारंब्यांमधून पुढे-मागे चालू लागले. येणारेजाणारे थांबून बघायला लागले.

तेवढ्यात मी दुकानदाराला विचारलं, "ह्याला घर कसं दाखवायचं?"

त्याचा चेहरा उजळला. सकाळपासून कामाचा प्रश्न हा पहिलाच असावा. त्याने मला सगळं नीट दाखवलं. जागेवर उभं राहून हे बटण दाबून धरायचं, जागा साठते. बाणांनी इंग्रजी अक्षरं जुळवून नाव द्यायचं. परत जायचं तर यादीतलं नाव निवडायचं आणि बाणामागे जायचं. बाण कावळा उडतो तसा सरळ दाखवतो, मधे खडक आहे की भिंत ते त्याला कळत नाही. नको ती जागा एकेक करून पुसता येते. आणि सगळ्या जागा एकदम पुसायच्या तर त्यालाही एक बटण आहे. ते जपून, बाई, म्हणाला. मी सातवी पास. सगळं डोक्यात ठेवलं.

शेवटी पिवळं घेतलं, कारण वडाखाली त्यालाच उपग्रह लवकर सापडले. रंगावर भिकाजीभावोजींनी एसटीतच तोडगा काढला. रानात नेताना त्यावर काळा मोजा चढवायचा.

वाद तिथे संपेल असं वाटत असेल तर तुम्हाला आमचं गाव माहीत नाही. आमच्याकडे मासळीची वाटणी झाली की माणसांचे वाटे असतात, तसा होडीचा एक वाटा, जाळ्याचा एक वाटा. डुक्कर पडलं तर बंदुकीचा वाटा, कुत्र्याचा वाटा, ज्याच्या जमिनीत पडलं त्याचा वाटा. मग यंत्राचा वाटा नको? सावंतवाडी येईपर्यंत दोघांनी हा न्यायनिवाडा केला. मासेमारीत यंत्राचा वाटा भिकाजीच्या घरी, शिकारीत यंत्राचा वाटा लीलाधराच्या घरी. म्हणजे सबंध हंगामभर मी चांगली सुरमईची तुकडी बाजूला काढून वरच्या वाडीत पाठवायची, आणि पावसाळ्यात त्यांच्याकडून डुकराचं जे काही येईल ते चार तास शिजवायचं. यंत्र दोन बॅटऱ्यांवर खूश होतं, खाणारे मात्र हेच.

त्या हंगामात हे यंत्र घेऊन दर्यात जाऊ लागले. मला बरं वाटलं. पण त्यात ह्यांनी साठवलं काय, तर खडपं. पाण्याखालची खडकाळ जागा म्हणजे खडप, तिथे मासा असतो. ह्यांच्या वडिलांनी मरताना ह्यांना तीन खडपांच्या खुणा कानात सांगितल्या होत्या, त्या मला लग्नाला वीस वर्षं होऊनही माहीत नव्हत्या. कोळी माणसाला विचारा मासा कुठे मिळाला, तो उत्तरेला मिळाला असेल तर दक्षिण सांगेल. सख्ख्या भावालाही. शिकारी त्याहून वस्ताद. डुकरं कुठल्या चिखलात लोळतात ते भिकाजीभावोजी बायकोलाही सांगत नाहीत.

मग व्हायचं तेच झालं. मे अखेर मासेमारी बंद झाली, यंत्र वरच्या वाडीत द्यायची वेळ आली. ह्यांनी आदल्या संध्याकाळी ओसरीवर बसून ते एकच बटण दाबलं आणि सगळं एकदम पुसून टाकलं. भिकाजीला खडप कळता कामा नये. मी म्हटलं, अहो, निदान बंदराची जागा तरी ठेवायची.

"बंदर काय कोण विसरता?" हे म्हणाले.

केरीला कोण गेलं होतं, हे मी विचारलं नाही. उगाच घरात वाद नको.

नारळी पौर्णिमेच्या आधी भिकाजीभावोजी यंत्र परत घेऊन आले. हे होडीला डांबर लावायला बंदरावर होते, म्हणून यंत्र माझ्या हातात दिलं आणि चहा पिऊन गेले. मी मोजा काढला, बटण दाबलं, यादी उघडली. कोरी. त्यांनीही डुकरांच्या लोळणीच्या जागा एकदम पुसल्या होत्या. एक ठिपका नाही. एवढा पणजीचा प्रवास, बादल्या, वडाचं झाड, वाटे, आणि यंत्राला आमचं घर कुठे आहे हेच माहीत नाही.

मी चुलीजवळ उभी राहून बटण दाबून धरलं. उपग्रह सापडेनात. वर कौलं. मग मागच्या दारी धुण्याच्या दगडापाशी गेले, उघड्यावर. पाचेक मिनिटांनी जागा सापडली. आता नाव काय द्यायचं? घर लिहिलं असतं तर तांडेलांच्या मुलाला बायको रस्ता दाखवते म्हणून हे लगेच पुसून टाकणार. बराच विचार केला आणि पाच अक्षरं जुळवली. जे, ई, व्ही, ए, एन. जेवण. म्हटलं, हा माणूस जगात एकाच गोष्टीसाठी परत येतो, तेव्हा तेच लिहावं. यंत्र ह्यांच्या होडीवरच्या सामानाच्या डब्यात ठेवलं आणि गप्प राहिले.

पौर्णिमेनंतर चौथ्या दिवशी हे दर्यात गेले. सकाळ लख्ख होती. मी बाजारात मासे मांडून बसले होते, आणि दहाच्या सुमाराला पश्चिमेकडून पावसाची भिंत आली. साधी सर नव्हे. बाजाराच्या छपराखालून समोरचं बंदर दिसेना, मग समोरची बाईही दिसेना. टोपली तिथेच टाकून मी किनाऱ्यावर धावले. आमच्या बंदराच्या पाच होड्या दर्यात होत्या. बारा वाजेपर्यंत चार आल्या. एक अर्धी भरून, एक इंजिन बंद पडून दुसरीच्या दोराला. पाचवी आमची.

चौघांनाही विचारलं. कोणी पाहिलं नव्हतं. बायका माझ्याभोवती उभ्या राहिल्या. येतलो गो, येतलो, म्हणाल्या. माझ्या आईलाही असंच म्हणाल्या होत्या, ह्याच जागी उभ्या राहून. मला वाटत होतं, यंत्र डब्यातून काढलंय का? बॅटऱ्या आहेत का? काढलं तरी ते नाव बघून हे काय समजतील? घर लिहायला काय झालं होतं मला? शहाणपण नडलं माझं. मी घाबरले होते, इतकी, की नवसाला कुठला देव धरावा तेही सुचेना.

तीन वाजता कोणीतरी ओरडलं. होडी आली होती, पण बंदरात नाही. आमच्या घराच्या बरोबर खाली, जिथे खडक आहेत म्हणून आजवर कोणी होडी लावली नाही, तिथे. बूड खरवडून निघालं होतं. बाणाप्रमाणे सरळ धुण्याच्या दगडाच्या दिशेने आलेली होडी आणखी कुठे लागणार? मी धावत गेले. हे कमरेइतक्या पाण्यातून चालत वर आले, थरथरत होते, ओठ निळे.

गावकऱ्यांनी विचारलं, कसा काय इलास?

"नाकान," हे म्हणाले. "जमिनीचो वास येता तांडेलाक. वासावर इलंय."

यंत्राचं काय, विचारलं कोणीतरी. ते डब्यातच होतं म्हणाले, काढलंच नाही. मग माझ्याकडे वळले.

"जेवक काय आसा?"

मला इतका संताप आला की सांगता सोय नाही. पाच तास मी किनाऱ्यावर मेले होते, आणि ह्यांचं नाक आणि ह्यांचं पोट. पण माणूस उभा होता समोर, ओला आणि जिवंत. मी पुढे चालू लागले आणि आमटी गरम केली. त्या यंत्राबद्दल मी पुन्हा बोलले नाही, तेही बोलले नाहीत. त्यानंतर ते माझ्या हातातही आलं नाही. हे डब्याला कुलूप लावू लागले, भिकाजीभावोजी यंत्र थेट होडीवर नेऊन देऊ लागले. दर नारळी पौर्णिमेला मला वाटायचं, पुन्हा तो ठिपका साठवायला हवा, आणि दर वर्षी ते राहून जायचं. दर वर्षी मी नव्याने घाबरायचे.

एक गोष्ट मात्र मी सगळ्यांना हसत सांगायचे. ह्यांचं डोकं त्या वर्षापासून आणखी मंद झालं. मेच्या शेवटी यंत्र द्यायच्या आधी हे ओसरीवर बसून एकेक जागा पुसायचे. कधी चाळीस, कधी साठ. नाव काढ, पूस, हो म्हण, पुढचं. सबंध संध्याकाळ. मी म्हणायचे, अहो, पणजीच्या माणसाने एक बटण दाखवलंय, सगळं एकदम जातं, तुम्हीच दाबलं होतंत ना? तर म्हणायचे, त्या बटणाचं भय वाटतं. नाकाने दर्या ओलांडणारा माणूस बटणाला भ्यायचा. सात पावसाळे हे चाललं. मग मोबाइल आले, होडी विकली, आणि यंत्र कपाटात गेलं.

परवा आमची सून रसिका कपाट आवरत होती. भंगारवाला दारात होता. ओसरीवर हे आणि भिकाजीभावोजी, दोघांची मिळून आता एकशे चाळीसच्या वर वयं, आणि त्या दिवशी नाकाने कसे आलो ह्याची गोष्ट विसाव्यांदा चालू. रसिकाने यंत्रात बॅटऱ्या घातल्या आणि मला म्हणाली, आई, चालू आहे हे. पण यादीत एकच नाव आहे. जेवण. हे काय?

मी चष्मा लावून पाहिलं. जे, ई, व्ही, ए, एन.

मी तशीच ओसरीवर गेले. ह्यांच्याकडे पाहिलंच नाही.

"भिकाजीभावोजी, तुम्ही पावसाळा संपल्यावर आपल्या जागा कशा पुसायचात? एकदम की एकेक?"

"एकेक," भावोजी म्हणाले. "एकदम पुसूक लीलाधरान दिल्यान खय? तुमच्या त्या वादळाच्या फुडच्या वर्षी माका शपथ घातलेली. सगळा पूस, पण ता जेवण ऱ्हवांदे, म्हणालो. माका वाटला, खडपाचा नाव आसतला."

भंगारवाल्याने विचारलं, काकी, देताय ना? मी नाही म्हटलं. हे समोरच्या माडाकडे बघत बसले होते, जणू तो आजच उगवला होता. मग घसा खाकरून म्हणाले, "जेवक काय आसा?"

वीस वर्षं मी ह्या माणसाला अधाशी म्हणत आले. आत जाऊन दोघांची ताटं वाढली. सुरमई होती. भावोजींच्या ताटात एक तुकडी घातली, ह्यांच्या ताटात दोन.

ह्यांनी वर पाहिलं.

"दुसरी यंत्राची," मी म्हटलं.